फिरता पंखा

साहेबांनी फळ्यावर वर्तुळ काढले, ते बटाट्यासारखे आले.

"हे वर्तुळ आहे," साहेब म्हणाले. साहेबच म्हणतात म्हटल्यावर विमा कंपनीच्या त्या अख्ख्या शाखेने माना डोलावल्या.

साहेब कालच एका प्रशिक्षणाहून परतले होते. प्रशिक्षणाहून परतलेला साहेब आणि नुकताच पोहायला शिकलेला माणूस, दोघांनाही कोरडे बसवत नाही. फळ्यावर खडू आपटत ते म्हणाले, "आजवर आपण काय केलं? वस्तू घेतली, वापरली, फेकली. ही झाली सरळ रेष. आणि या रेषेच्या टोकाला काय असतं? कचऱ्याचा डोंगर! म्हणून समाजानं आता रेष सोडून वर्तुळाकडे वळलं पाहिजे. वस्तू दुरुस्त करा, दुसऱ्याला द्या, तिचं दुसरं काहीतरी करा. पण वर्तुळाबाहेर जाऊ देऊ नका! याला म्हणतात चक्राकार अर्थव्यवस्था. काही शंका?"

अशा वेळी शंका नसते हे शाखेतल्या टेबल-खुर्च्यांनासुद्धा ठाऊक होते. पण हेडक्लार्कचा स्वभाव आड आला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढल्यामुळे समोर चूक दिसली की त्यांची जीभ आपोआप सुटत असे.

"साहेब, ते वर्तुळ एका बाजूला उघडं राहिलंय."

साहेबांनी फळ्याकडे पाहिले, मग हेडक्लार्ककडे पाहिले. "शाब्बास! ते बंद करायची जबाबदारी तुमची. आजपासून तुम्ही शाखेचे वर्तुळप्रमुख."

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात टाळी कॅशियरने वाजवली, कारण आपण वाचलो याचा आनंद टाळीतच नीट व्यक्त होतो.

त्याच दिवशी ऑफिसातले सगळे कचऱ्याचे डबे गेले. दारापाशी फक्त एक डबा उरला, तोही काचेचा. नगरपालिकेने कचरामुक्तीची स्पर्धा लावली होती. कार्यालयांसाठी एक ढाल आणि राहत्या इमारतींसाठी एक ढाल. साहेबांना ढाल हवी होती. "डबा रिकामा दिसला पाहिजे," त्यांनी बजावले, "आणि ढाल आली की तुमच्या बढतीचंही बघू."

डबा रिकामा राहिला. राहणारच, कारण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्या काचेच्या डब्यात साल टाकायची हिंमत कोण करणार? संत्र्याच्या साली टायपिस्टबाईंच्या खणात गेल्या. कॅशियरने चहाचे कागदी पेले तिजोरीच्या मागे रचले. पण रेकॉर्डरूममध्ये कपाटामागे पडलेल्या टेबलफॅनला कुठल्या खणात लपवणार? त्या पंख्याची मान मोडली होती, त्यामुळे तो कायम खाली बघत असे, परीक्षेत मार्क कमी पडलेल्या पोरासारखा.

"हा वर्तुळात सोडा," साहेब म्हणाले.

"साहेब, तो बंद आहे."

"बंद आहे म्हणूनच सोडायचा. चालू असता तर मीच नसता का ठेवला?"

संध्याकाळी हेडक्लार्क पंखा कापडी पिशवीत घालून घरी निघाले. पिशवीतून पंख्याची मान बाहेर लोंबत होती.

आता घरची परिस्थिती सांगायला हवी. हेडक्लार्कची बायको ही त्यांच्या इमारतीची सेक्रेटरी होती. ऑफिसात साहेबांना ढाल हवी होती, तर घरी बायकोला ढाल हवीच होती. 'हवी' आणि 'हवीच' यांत फरक आहे, आणि तो फरक म्हणजे रस्त्यापलीकडच्या इमारतीची सेक्रेटरी. तिचे नाव हेडक्लार्कच्या घरात कोणी घेत नसे. तिला नुसते 'समोरची' म्हणत. समोरचीने गच्चीवर कुंड्या ठेवल्या की यांच्या गच्चीवर दुप्पट कुंड्या येत. समोरचीने जिना रंगवला की इकडे जिन्यासकट कठडाही रंगे.

समोरचीने इमारतीतले कचऱ्याचे डबे काढून टाकले असे कळताच बायकोने जिन्याखाली एक 'देवाणघेवाणीचा कोपरा' सुरू केला होता. वर पाटी: 'नको ते ठेवा, हवे ते न्या.' लोकांनी पाटीचा पूर्वार्ध मनापासून पाळला. उत्तरार्ध कोणी वाचलाच नाही.

त्या कोपऱ्यात हेडक्लार्कनी इकडेतिकडे बघून पंखा ठेवला आणि सोवळ्या चेहऱ्याने जिना चढले. चहा होतो न होतो तोच बायको खालून तरातरा वर आली.

"अहो, ऐकलंत का? कुणी तरी मेल्यानं जिन्याखाली मानमोडका पंखा आणून टाकलाय! आपल्या इमारतीतला नाही तो. बाहेरचा आहे. सापडू दे मला, त्याचीच मान मोडते."

"असतात गं असे लोक," हेडक्लार्क बशीत बघत म्हणाले.

"समोरचीनंच पाठवला असणार."

"छे, ती कशाला..."

"तुम्ही तिची बाजू घेऊ नका!"

हेडक्लार्कनी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर बायकोने हातात एक जड पिशवी दिली. "तुमच्या साहेबांनी ऑफिसात देवाणघेवाणीचं कपाट केलंय म्हणालात ना? हे ठेवा त्यात. चांगल्या वस्तू आहेत." पिशवीतून एक ओळखीची मान बाहेर लोंबत होती.

'हा पंखा नको' म्हणावे तर 'का नको' हे सांगावे लागणार, आणि 'का नको' हे सांगितले तर मान कोणाची मोडायची हे कालच ठरले होते. त्यांनी पिशवी उचलली. पंखा आला तसा गेला. कपाटात बसला, खाली बघत.

"हा तर आपलाच!" साहेब गरजले. "वर्तुळप्रमुख, मी काय सांगितलं होतं?"

"सोडला होता, साहेब. फिरून आला."

संध्याकाळी पंखा पुन्हा घरी. या वेळी कॅशियरने त्याच्याबरोबर काड्या निघालेली छत्री बांधून दिली, 'एवीतेवी जाताच आहात तर.' सकाळी बायकोने पंखा, छत्री आणि वर दुसऱ्या मजल्यावरच्यांची मूठ तुटलेली किटली ऑफिसात पाठवली. मग टायपिस्टबाईंच्या घरचे बंद पडलेले गजराचे घड्याळ इकडे आले, आणि इकडून कोणाची तरी बिजागरी गेलेली पेटी तिकडे गेली. बर्फाचा गोळा उतारावरून जाताना वाढतो, हे सामान सपाट रस्त्यावर वाढत होते. एकदा तर हेडक्लार्क एक चाक नसलेली फिरती खुर्ची खांद्यावर घेऊन आले, आणि रस्त्यातल्या एका गृहस्थाने आपुलकीने विचारले, "नोकरी सुटली का हो?"

गंमत अशी की घर आणि ऑफिस दोन्हीकडे हेडक्लार्कची कीर्ती वाढत होती. बायको शेजारणींना सांगे, "आमच्या यांच्या ऑफिसात आपल्याकडच्या वस्तूंना फार मागणी आहे." साहेब वरिष्ठांना फोनवर सांगत, "आमच्या वर्तुळप्रमुखांच्या इमारतीत म्हणजे काय, नेऊ तेवढं उचलतात!" धरले तर चावते, सोडले तर पळते, अशा त्या कीर्तीला खांद्यावर वागवत हेडक्लार्क जात-येत राहिले. खांदा दुखायला लागला तेव्हा बायकोने मलम चोळून दिले आणि म्हणाली, "किती काम करून घेतात हो तुमच्याकडून!" तेव्हा त्यांना खरे सांगून टाकावेसे वाटले. पण मलम चोळणारा हात मानेच्या फार जवळ होता.

असे करता करता परीक्षणाचा दिवस उजाडला. परीक्षक सकाळी अकराला ऑफिसात आणि दुपारी हेडक्लार्कच्या गल्लीत येणार होते. ऑफिसातल्या कपाटाचे दार लागेना. कॅशियर पाठ लावून उभा राहिला तेव्हा कुठे ते लागले, पण कॅशियरला तिथून हलता येईना.

"अकराच्या आत हे सगळं इथून गेलं पाहिजे," साहेब म्हणाले. "कुठे ते मला सांगू नका."

हेडक्लार्कनी टेम्पो बोलावला. टेम्पोवाले मामा हे कमी बोलणारे, सांगितले तेवढेच करणारे गृहस्थ होते. सामान चढवून वर ताडपत्री बांधली. हेडक्लार्कनी घरचा पत्ता दिला. "जिन्याखाली उतरवा. आणि मामा, कुणीही विचारलं तरी ऑफिसचं नाव सांगायचं नाही. काय?"

"नाही सांगायचं," मामा म्हणाले.

टेम्पो गेला. हेडक्लार्कनी कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेतला. तो श्वास सोडायच्या आत मात्र घडायचे ते घडून गेले होते.

कारण त्याच वेळी बायको कोपऱ्यातला ढीग बघून डोक्याला हात लावून बसली होती. दुपारी परीक्षक येणार, आणि जिन्याखाली हा पसारा! नवऱ्याच्या पिशवीत मावण्यापलीकडे गेलेला. तेवढ्यात दारात टेम्पो उभा राहिला. संकटात माणसाला हवे तेच दिसते. तिला ताडपत्री दिसली नाही, फक्त टेम्पो दिसला.

"मामा, जागा आहे का?"

"आहे थोडी. पण मला इथे..."

"थोडी पुष्कळ झाली! ए, आणा रे सगळं!" दहा मिनिटांत कोपरा रिकामा आणि टेम्पो गळ्यापर्यंत भरला. "हा पत्ता घ्या. विमा कंपनी, तळमजला. तिथे आमचे हे आहेत, हेडक्लार्क."

मामांनी पत्ता ऐकला आणि तोंड उघडले. मग त्यांना आठवले की ऑफिसचे नाव काढायचे नाही. त्यांनी तोंड मिटले आणि गाडी चालू केली.

अकराला पाच मिनिटे असताना परीक्षक ऑफिसच्या पायऱ्या चढत होते, साहेब हात जोडून उभे होते, आणि त्या दोघांच्या मागे, रस्त्याकडेला, टेम्पो येऊन थांबला. हेडक्लार्क मागच्या दाराने धावत बाहेर गेले.

"मामा! उतरवलं नाही?"

"उतरवायला गेलो तर चढवलं."

"कुणी?"

"एका बाईंनी. पत्ता इथलाच दिला."

"कशा होत्या दिसायला?"

"दिसायचं राहू द्या," मामा म्हणाले, "आवाज मोठा होता."

आणखी खुणेची गरज नव्हती. हेडक्लार्क उडी मारून मामांच्या शेजारी बसले. "चला!"

"कुठे?"

"इथून!"

वाटेत त्यांनी बायकोला फोन लावला.

"अगं, टेम्पो..."

"पोचला ना? घ्या उतरवून."

"इथे परीक्षक आलेत!"

"मग इथे यायचेत! परत पाठवायचा नाही हां, सांगून ठेवते. मी आत्ताच जमीन पुसून घेतलीय."

"अगं, पण यातलं अर्धं सामान मुळात..." इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये फोन. "मुळात आमच्याच ऑफिसचं आहे. तो पंखासुद्धा."

पलीकडून बायको एकेक शब्द तोलून म्हणाली, "आहात तिथेच थांबा. मी येते."

ते एका केशकर्तनालयासमोर थांबले आणि हेडक्लार्कनी तिला ठिकाण कळवले. बायको रिक्षाने आली, उतरली, आणि ताडपत्रीचे टोक उचलून आत बघितले. पंखा खाली बघत होता. हेडक्लार्कही खाली बघत होते.

"म्हणजे तो मेला तुम्ही!"

"अगं, रस्त्यावर..."

"आणि मी त्या समोरचीला इतके दिवस शिव्या देतेय! रोज सकाळी माझ्याच हातानं पिशवी भरून दिली, आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत? खांद्याला मलम लावलं मी!"

"तूही मला चांगल्या वस्तू म्हणून सांगितलंस. त्या किटलीला मूठ नाही, पेटीला झाकण लागत नाही. घरचा कचरा ऑफिसात पाठवत होतीस की नाही?"

बायकोने ताडपत्रीचे टोक खाली सोडले. "थोडाफार," ती म्हणाली.

मामांनी घड्याळाकडे पाहिले. "मला दुसरी फेरी आहे. तुमचं ठरेपर्यंत मी म्हातारा होईन." आणि त्यांनी, उतरवायचे म्हणून घेतलेले सामान, अखेर उतरवले. फुटपाथवर. हेडक्लार्क आणि त्यांची बायको यांना मध्ये ठेवून चारी बाजूंनी ढीग लागला आणि टेम्पो निघून गेला.

ऊन वाढले. बायको चाक नसलेल्या खुर्चीवर तोल सांभाळत बसली. ढिगात कोणी तरी दिलेली हत्यारांची एक डबी होती. हातांना चाळा हवा म्हणून हेडक्लार्कनी ती उघडली, स्क्रू ड्रायव्हर काढला आणि पंखा मांडीवर घेतला. मानेचा एक स्क्रू नुसता ढिला होता. तो आवळला तशी पंख्याने मान वर केली. मग त्यांनी खालची चकती खोलली. आत एक वायर सुटली होती. ती त्यांनी दाताने सोलून जागी बसवली.

बायको तिरक्या नजरेने बघत होती. "तुम्हाला येतं हे?"

"लग्नाआधी यायचं. घरातली घड्याळं, रेडिओ, सगळं मीच खोलायचो."

"मग बंद का केलंत?"

हेडक्लार्कनी विचार केला. "पगार वाढला. नवीन घेता यायला लागलं."

केशकर्तनालयाच्या मालकाने प्लग लावू दिला. पंखा एकदा कण्हला, आणि फिरला. चांगला फिरला. बायकोच्या कपाळावरचे केस उडाले. खुर्चीत अर्धी दाढी झालेले गिऱ्हाईक आतून ओरडले, "अहो, जरा इकडे वळवा!" मालक पंख्यापुढे उभा राहिला, शर्टाची कॉलर सैल केली आणि म्हणाला, "हा देणार का? आमचा गेल्या उन्हाळ्यात गेला."

"एवढे दिवस फिरवला," बायको पुटपुटली, "कुणी बटण दाबून बघितलं नाही."

मग काय झाले ते हेडक्लार्कना नंतर नीटसे सांगता येईना. किटलीला तारेची मूठ बसली आणि ती एका चहावाल्याने नेली. पेटीची बिजागरी ठोकली, ती एका सुताराने उचलली. छत्री शिवायला बायकोने पर्समधून सुईदोरा काढला. उभे राहून बघणारे बसून बघायला लागले, बसलेले हात लावायला लागले, आणि दुपार कलेपर्यंत फुटपाथवर फक्त ती खुर्ची उरली, कारण बायको तिच्यावरून उठायला तयार नव्हती.

"ऑफिसात काय झालं असेल?" अखेर हेडक्लार्कना आठवले.

ऑफिसात काय झाले ते दुसऱ्या दिवशी कळले. काचेचा डबा बघून परीक्षक खूश झाले. शेरा लिहायला त्यांना पेन हवे होते. समोर टायपिस्टबाईंचे टेबल होते. त्यांनी पेनसाठी खण उघडला. त्यानंतर त्यांना पेन नको, खिडकी हवी होती. ऑफिसची ढाल गेली आणि हेडक्लार्कच्या बढतीने आतल्या आत मान टाकली. साहेब पुन्हा एका प्रशिक्षणाला गेले.

इमारतीत परीक्षकांना रिकामा कोपरा आणि पुसलेली जमीन दिसली होती, पण तिचा निकाल अजून लागायचा होता. ढाल एका दुपारच्या पाहणीवर मिळणार नव्हती, पुढे महिनाभर प्रत्येक इमारतीचा कचरा तोलला जाणार होता आणि सगळ्यात कमी भरणारी इमारत जिंकणार होती. बायकोला खात्री होती. रविवारी तिने जिन्याखाली टेबल टाकले, नवऱ्याला हत्यारांपुढे बसवले आणि स्वतः सुईदोरा घेऊन बसली. पहिल्या रविवारी दोन शेजारी आले. दुसऱ्या रविवारी रांग जिन्यापर्यंत गेली. तिसऱ्या रविवारी ती रस्ता ओलांडून पलीकडे पोचली. समोरच्या इमारतीतली झाडून सगळी माणसे आपापल्या इस्त्र्या, मिक्सर, पिशव्या आणि बूट घेऊन इकडे यायला लागली. हेडक्लार्क घामाघूम होत, पण एखादे मेलेले यंत्र खरखरून बोलले की त्यांचा चेहरा असा खुले, की असा तो ऑफिसात कोणी कधी पाहिला नव्हता.

महिनाअखेर निकाल लागला. हेडक्लार्कच्या इमारतीत, दुरुस्तीला आलेल्या सामानासकट, सगळ्या गल्लीत सर्वांत जास्त वजन भरले. तोलणाऱ्यांना त्यातले कुठले मोडके आणि कुठले बरे झालेले, हे कळायचे साधन नव्हते. आणि समोरच्या इमारतीत टाकायला काही उरलेच नव्हते. ढाल समोरचीला मिळाली. वाजतगाजत मिळाली. बायकोने खिडकी लावून घेतली आणि त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ पडले.

हेडक्लार्क मुकाट्याने ती आमटी जेवले.

पुढच्या रविवारी रांगेत सगळ्यात मागे, पदराखाली काही तरी झाकून, समोरची उभी होती. तिचा नंबर आला तसे तिने आधी आजूबाजूला बघितले, आणि मग सोनेरी रंगाची, चकचकीत प्लॅस्टिकची ढाल टेबलावर ठेवली. तळ एकीकडे, ढाल एकीकडे.

"भिंतीला लावायला गेले, तर हातातच सुटली," ती खालच्या आवाजात म्हणाली. "जरा बघता का?"

हेडक्लार्कनी बायकोकडे पाहिले. तिने सुई खाली ठेवली, ढाल उलटसुलट केली, 'कचरामुक्त इमारत, प्रथम क्रमांक' हे शब्द सावकाश वाचले आणि अतिशय गोड आवाजात म्हणाली, "अहो, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला दुरुस्ती? टाकून द्या की."

"टाकू कुठे?" समोरची रडकुंडीला आली. "आमच्याकडे डबाच नाहीये!"

बायकोने शेजारची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"बसा," ती म्हणाली. "तळ धरून ठेवा घट्ट. अहो, गोंद द्या इकडे. हे मी करते."